शाकाहारी पाकपुस्तक निवडताना : प्रश्न भाजीचा नाही, हाताचा आहे

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या पोरापोरींना एक प्रश्न फार लवकर ओळखीचा होतो. खोली बघायला गेले की घरमालक विचारतो, "तुम्ही शाकाहारी ना?" थेट जात विचारणे आता बरे दिसत नाही, म्हणून तो ताट विचारतो. उत्तर देणाऱ्यालाही कळते की विचारले काय आणि विचारायचे होते काय.

पण या प्रश्नाची दुसरी बाजू आपण फारशी बोलत नाही. आपल्यातही खरेच शाकाहारी असलेले लोक आहेत. कुणाच्या घरात आजोबांपासून वारकऱ्यांची माळ आहे. कुणी दापोडीच्या महाविहारात जाऊन धम्माचा भाग म्हणून मांस सोडले आहे. कुणाला डॉक्टरने सांगितले आहे. आणि वसतिगृहात राहणाऱ्या अनेकांना महिनाअखेरीस मटण सोडाच, अंडेही परवडत नाही. ही मंडळी अप्पा बळवंत चौकात जातात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या ढिगातून वाट काढत एखादे स्वयंपाकाचे पुस्तक शोधतात. मग आम्हाला विचारतात, शाकाहारी स्वयंपाकाचे चांगले पुस्तक कोणते घ्यावे?

चळवळीतल्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. आम्हाला तो तसा वाटत नाही. आपण ज्या पुस्तकावरून डाळ शिजवायला शिकतो, त्याच पुस्तकातून 'शुद्ध' काय, 'सात्त्विक' काय आणि 'महाराष्ट्रीय' काय हेही नकळत शिकतो. म्हणून पुस्तक निवडण्याआधी त्या पुस्तकांचा इतिहास बघायला हवा.

राजाचे ताट आणि दुष्काळातली भाकर

'आपली परंपरा शाकाहाराची' असे कुणी सांगू लागला की त्याला 'मानसोल्लास' या ग्रंथाचे नाव सांगावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकात हा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे मराठवाड्याला लागून असलेले आजचे बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या भोजनाचे वेगळे प्रकरण आहे. त्यात डाळी, भाज्या आणि गोड पदार्थ आहेत. त्याच पंक्तीत डुकराचे मांस आहे, मासे आहेत, कासव आहे, भाजलेले उंदीरसुद्धा आहेत. हे अस्पृश्यांच्या वस्तीचे वर्णन नाही. हे राजवाड्यातले जेवण आहे आणि ते देवभाषेत लिहिले गेले आहे. तोच पदार्थ राजाच्या ताटात शास्त्र ठरतो आणि आपल्या ताटात किळस ठरतो, हे आधी लक्षात घ्या.

मराठीत छापील पाकपुस्तके आली ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला आणि तो १८७८ पर्यंत चालला. सरकारी दुष्काळी कामांवर मजुरीत काटछाट झाली आणि माणसाला दिवसाकाठी एक पौंडाच्या आसपास धान्य आणि वर किरकोळ पैसे असे माप ठरले. पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि त्या मुलांना भाकर घातली.

ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहा. छापखान्यात पाककृतींचे मोजमाप छापले जात आहे आणि धनकवडीला भाकरी मोजून वाटल्या जात आहेत. पहिल्याला आपण पाकशास्त्राचा इतिहास म्हणतो. दुसऱ्याला कुणी पाकशास्त्र म्हणत नाही. शेकडो मुलांना कमी धान्यात कसे जगवायचे, कोणते धान्य किती पाण्यात शिजवायचे, पिठात काय मिसळायचे, हे तिथल्या चुलीपुढच्या बायांना नेमके माहीत असणार. ते ज्ञान छापले गेले नाही, कारण ज्यांच्याकडे ते होते त्यांच्याकडे छापखाना नव्हता.

शाकाहार कुणाचा?

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ गाठले आहे. वैदिक काळातले ब्राह्मण गोमांस खात होते, यज्ञात पशू मारत होते, हे त्यांनी ब्राह्मणांच्याच ग्रंथांतून दाखवले. पुढे बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात जनतेच्या मनातले भिक्खूंचे स्थान हिरावून घेण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडले आणि एक पाऊल पुढे टाकून ते शाकाहारी झाले, अशी त्यांची मांडणी आहे. मेलेल्या गाईचे मांस खाण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते ते गावाबाहेरचे पांगलेले लोक मात्र अस्पृश्य ठरले. या मांडणीतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. ब्राह्मणी शाकाहार हा दयेतून आपोआप उगवलेला गुण नाही. तो इतिहासातल्या एका लढाईत उचललेला डावपेच आहे.

त्याच बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा वेगळा अर्थ सांगितला. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. बुद्धाची अहिंसा हे आंधळे बंधन नसून जीवनाकडे पाहण्याची दृष्टी आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आपल्यातला कुणी विचारपूर्वक मांस सोडत असेल तर तो ब्राह्मणी होत नाही. कुणी मांस खात असेल तर तो धम्माबाहेर जात नाही. शाकाहार ही निवड असू शकते. ती जातीची पायरी झाली की आपण तिच्याविरुद्ध उभे राहतो.

हे शक्य आहे याचा दाखला जगात आहे. इंग्लंडमध्ये १८४७ साली रॅम्सगेट येथे शाकाहारी मंडळ स्थापन झाले. तिथे मांस सोडणारा माणूस आरोग्याचा, काटकसरीचा, प्राण्यांवरच्या क्रौर्याचा विचार करत होता. मांस सोडल्याने त्याची जात वर चढत नव्हती आणि खाणाऱ्या शेजाऱ्याच्या हातचे पाणी त्याला वर्ज्य होत नव्हते.

आपल्याकडे तर नुसत्या भाज्यांतही वर्ण शिरले आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण, कांदा आणि अळंबी वर्ज्य सांगितली आहेत. ५ व्या शतकात भारतात आलेल्या फाहियान या चिनी बौद्ध प्रवाशाने लिहून ठेवले की मध्यदेशात कांदा-लसूण खाणारे ते चांडाळच. म्हणजे कांदा ही भाजी असूनही तिने माणसाची जात सांगितली. आजही पाककृतीच्या डोक्यावर 'कांदा-लसूण विरहित सात्त्विक' अशी पाटी दिसली की ती नुसती चवीची सूचना समजू नका. तिच्यामागे दीड हजार वर्षांहून जुनी वहिवाट आहे.

'सात्त्विक' या शब्दाचाही हिशेब करू. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार केले आहेत. शिळे आणि उष्टे अन्न हे तामसी माणसाला आवडते, असे तिथे सांगितले आहे. आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, असा तिथे नियम आहे. एका ग्रंथाने उष्टे हाती दिले आणि दुसऱ्याने ते खाणाऱ्याला तामसी ठरवले. गावकीत भाकरतुकडा मागून आणायला लावले, आणि मागून आणलेला तुकडा खातो म्हणून स्वभावच हीन ठरवला. ज्या पाकपुस्तकाच्या प्रस्तावनेत सत्त्व, रज, तम असे अन्नाचे वर्गीकरण आहे, त्याच्या पानापानावर हा जुना न्यायनिवाडा बसलेला असतो.

चहा, पाणी आणि पुरणपोळी

विटाळाचा संबंध मांसाशी आहे, असे आपल्याला सांगितले जाते. पुण्याचा आणि महाराष्ट्राचा इतिहास वेगळेच सांगतो. तीन प्रसंग घ्या. तिन्हींत मांसाचा तुकडाही नाही.

पहिला, १८९० चा. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये ऑक्टोबर महिन्यात एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताची चर्चा झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. चहात काय होते? पाणी, दूध, साखर, चहाची पत्ती. आक्षेप पदार्थाला नव्हता. तो ख्रिस्ती हाताने दिला, एवढाच गुन्हा होता.

दुसरा, १९२७ चा. १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिथे मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागून खाणे सोडा, असे आवाहन बाबासाहेबांनी केले. हे आवाहन शाकाहाराचे नव्हते, स्वाभिमानाचे होते. हा फरक आपल्या तरुणांनी पक्का ध्यानात ठेवावा. त्यानंतर आपले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाण्याइतके शाकाहारी दुसरे काय असेल? तरी सवर्ण जमाव चालून आला, मंडपात जेवायला बसलेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली, शिजवलेले अन्न मातीत गेले. नंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी दूध, दही, गोमूत्र आणि शेण यांच्या घागरी त्यात ओतल्या. गोमूत्राने शुद्ध होणारे पाणी माणसाच्या ओंजळीने बाटत होते.

तिसरा प्रसंग फार जुना नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता पोलिस ठाण्यात एक तक्रार दाखल झाली. घरच्या सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने आपली जात लपवली आणि त्यामुळे धार्मिक भावना दुखावल्या, अशी ती तक्रार होती. तक्रार करणाऱ्या बाई शास्त्रज्ञ होत्या. राज्यभरातून टीका झाल्यावर ती तक्रार मागे घेण्यात आली. त्या घरात गौरी-गणपतीचा नैवेद्य शिजला होता, श्राद्धाचे जेवण शिजले होते. ते शंभर टक्के शाकाहारी होते. खाताना चवीत काही खोट सापडली नव्हती. खोट सापडली ती रांधणारीच्या जातीत.

१८९० ते २०१७ या १२७ वर्षांत चहा बदलला, गॅस आला, मिक्सर आला. हाताचा प्रश्न तिथेच राहिला. म्हणून आम्ही म्हणतो, शाकाहाराच्या नावाने जे विचारले जाते तो प्रश्न भाजीचा नाही, हाताचा आहे.

त्याच २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे विद्यापीठाने एका कीर्तनकारांच्या नावाच्या सुवर्णपदकासाठी अर्ज मागवले. विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा, ही त्याची एक अट. विद्यार्थी संघटनांनी आवाज उठवला आणि विद्यापीठाला ते पदक थांबवावे लागले. त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुले यांचे. धनकवडीच्या मुलांना भाकर वाढताना सावित्रीबाईंनी त्यांच्या घरी काय शिजते हे विचारले नव्हते. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे देशातले १५ वर्षांवरचे सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत. एवढ्या लोकांना गुणवत्तेच्या दारातूनच परत पाठवणारी ती अट होती.

'रुचिरा'ने काय दिले, काय राहिले

आता ज्या पुस्तकाचे नाव सर्वांत आधी सुचवले जाते त्याकडे येऊ. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले. त्याआधीही मराठीत मोठी पाकपुस्तके होती. २० व्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' या पुस्तकात हजार पाकक्रिया दिल्या होत्या. त्या पाठारे प्रभू समाजाच्या, त्यामुळे त्यात मासे आणि मटण मानाने होते. म्हणजे मराठी पाकपुस्तक मुळातच शाकाहारी होते हेही खोटे, आणि सगळे सवर्ण शाकाहारी हेही खोटे.

'रुचिरा'चे एक मोठे काम मात्र आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही मापे दिली. 'अंदाजाने घ्यावे' हे जुन्या स्वयंपाकघरातले वाक्य म्हणजे एक कुलूप होते. अंदाज ज्या घरात पिढ्यानपिढ्या मुरला त्या घरची मुलगीच तो शिकू शकत होती. वाटी-चमचा आला आणि ज्या घरात आई पहाटे कामावर जाते त्या घरातली मुलगीही, आणि मुलगाही, पुस्तक उघडून शिकू शकला. सोवळ्यातल्या चुलीजवळ ज्याला उभे केले नसते, त्याच्या हातात ती पाककृती चार पैशांत आली. ज्ञान छापले की त्यावर पहारा ठेवता येत नाही. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या कामाशी छापील पुस्तकाचे दूरचे का होईना नाते आहे.

राहिले ते असे. 'रुचिरा', मंगला बर्वे यांचे 'अन्नपूर्णा' आणि त्यांच्या मागून आलेली असंख्य पुस्तके मध्यमवर्गात इतकी रुजली की त्या स्वयंपाकघराचीच चव 'महाराष्ट्रीय' म्हणून रूढ झाली. आळूची भाजी, अळूवडी, गोडा मसाला, साखरभात, पुरणपोळी हे महाराष्ट्राचे जेवण ठरले. बाकीच्या महाराष्ट्राच्या जेवणाला विशेषणे लागली. गावरान, खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी. एकाला राज्याचे नाव आणि इतरांना टोपणनावे, हे सांस्कृतिक वर्चस्वाचे काम असेच शांतपणे चालते. त्यात या लेखिकांची वैयक्तिक लबाडी शोधण्याची गरज नाही. त्यांनी आपल्या घरचे लिहिले. आपल्या घरचे कुणी लिहिले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा.

आपले बिनमांसाचे जेवण

इथे आपल्यातल्याही एका समजुतीला हात घालावा लागेल. दलितांचे जेवण म्हणजे मांस, एवढेच समीकरण आता आपणही मिरवू लागलो आहोत. ते अपुरे आहे. वस्तीत मांस रोज कुठे शिजत होते? जत्रा, लग्न, पाहुणा, पगाराचा दिवस, किंवा गावकीच्या कामातून वाट्याला आलेले. उरलेल्या दिवसांत ताटात काय होते? ज्वारी-बाजरीची भाकर, कोरड्यास, चटणी, कांदा. बांधावरून खुडून आणलेला तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ. अंबाडीची भाजी कण्या घालून. कुळथाचे माडगे, शेंगोळे, हुलग्याच्या घुगऱ्या. ज्वारीची आंबील. तेल नसेल तेव्हा बिनफोडणीचे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकर.

हे सारे शाकाहारी आहे. तरी 'शाकाहारी' हा शब्द उच्चारला की हे ताट कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तुपाचे, काजूचे, पनीरचे ताट येते. शाकाहारावर ज्यांनी मालकी सांगितली त्यांनी आपले मांस हिणवले आणि आपली भाजीही मोजली नाही.

मग हे कुठे नोंदले गेले? आत्मकथनांत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी पुण्याच्या 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ चे. या पुस्तकांत भूक आहे, चूल आहे, वाटणी आहे. कुणाच्या ताटात आधी पडते आणि कुणासाठी तळाचे उरते, हेही आहे. पाककृतीचे पुस्तक 'चार माणसांसाठी' एवढेच लिहिते. घरात माणसे सहा आणि पीठ तिघांचे असेल तर काय करायचे, हे आत्मकथन सांगते.

त्यानंतर सरळ अन्नावरच काम झाले. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून एक पुस्तिका काढली. हे ताट भारतीय नाही काय, असा तिच्या इंग्रजी शीर्षकातच प्रश्न होता. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. शाळेत डबा उघडण्याआधी म्हणायला लावतात त्या श्लोकातला 'पूर्णब्रह्म' त्यांनी शीर्षकातच उलटा केला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याची नोंद त्यात आहे, मांसाचीही आणि बिनमांसाचीही. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांच्या अनुवादामुळे ते इंग्रजीतही गेले. ज्या वर्षी हे पुस्तक आले त्याच २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला होता. पुढे ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला एक भाग रद्द केला. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे ते कलम होते. ताटाचा प्रश्न न्यायालयापर्यंत जातो, तो पुस्तकाच्या दुकानात संपत नाही.

मग पुस्तक कसे निवडावे?

एका पुस्तकाचे नाव सांगून आम्ही मोकळे होणार नाही. पुस्तक हातात घेतल्यावर दुकानात उभ्या उभ्या ही तपासणी करा.

आधी प्रस्तावना वाचा. हे कुणाच्या घरचे जेवण आहे ते लेखिका किंवा लेखक सांगतो का? 'आमच्या कोकणस्थ घरातले', 'आमच्या लिंगायत घरातले', 'माझ्या सासरच्या माळी कुटुंबातले' असे प्रामाणिकपणे लिहिलेले पुस्तक चांगले. एका समाजाचे ताट 'महाराष्ट्राचे' म्हणून विकणारे पुस्तक ठेवून द्या.

मग अनुक्रमणिका उघडा आणि धान्ये मोजा. ज्वारी, बाजरी, नाचणीला किती पाने आहेत आणि मैद्याला किती? पालेभाज्यांत पालक-मेथीच्या पुढे पुस्तक जाते का? चाकवत, अंबाडी, माठ, टाकळा, शेवग्याचा पाला आहे का? कुळीथ, मटकी, चवळी आहे का? मांस न खाणाऱ्याला प्रथिने डाळी-कडधान्यांतूनच घ्यायची आहेत. ज्या पुस्तकात गोडाची प्रकरणे चार आणि उसळींचे अर्धे, ते पुस्तक सणासाठी आहे, रोजच्या पोटासाठी नाही.

तिसरे, हिशेब करा. एका पाककृतीला किती तूप, किती तेल, किती सुकामेवा, किती वेळ गॅस लागतो? वसतिगृहाच्या खोलीत एक शेगडी आणि एक कुकर असतो. त्यावर जे शिजत नाही ते वाचून भूक भागणार नाही.

चौथे, शब्द तपासा. 'शुद्ध', 'सात्त्विक', 'सोवळ्यातले', 'संस्कारी' हे शब्द किती वेळा येतात? स्वच्छतेचा नियम असेल तर तो हात धुण्याचा हवा, हात कुणाचा हे विचारण्याचा नको. कांदा-लसूण नको असेल तर चवीचे कारण सांगावे, आत्म्याचे नको. मांस खाणाऱ्याविषयी एक जरी हिणकस वाक्य असेल तर ते शाकाहाराचे पुस्तक नाही, जातीचे पुस्तक आहे.

पाचवे, इतिहास तपासा. 'प्राचीन भारतीय उपवासाचे पदार्थ' असे प्रकरण असेल तर साबुदाण्याच्या खिचडीकडे बघा. ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो अमेरिका खंडातला. तिच्यातली मिरची, शेंगदाणे, बटाटे हेही तिथलेच, युरोपीय जहाजांतून इकडे आलेले. परक्या खंडातून आलेली चार पिके उपवासाला पवित्र ठरतात, आणि याच मातीत वाढलेल्या माणसाचा हात अपवित्र ठरतो. जे पुस्तक पदार्थाचा खरा प्रवास सांगते त्यावर विश्वास ठेवा.

शेवटचे, पुस्तक कुणाशी बोलते ते पाहा. प्रत्येक वाक्य 'गृहिणी', 'सुगरण', 'नवी नवरी' यांनाच उद्देशून असेल तर ते पुस्तक आपल्या बहिणीच्या गळ्यात चूल बांधत आहे. सभेत समतेवर भाषण करून घरी आल्यावर आयते ताट मागणाऱ्या आपल्या भावांनी हे पुस्तक आधी स्वतः विकत घ्यावे. हाताचा प्रश्न जातीचा आहे तसा तो लिंगाचाही आहे.

या कसोट्यांवर संपूर्ण उतरणारे एक मराठी शाकाहारी पुस्तक तुम्हाला सहज मिळणार नाही. तेव्हा दोन-तीन पुस्तके जोडून वापरा. मापासाठी 'रुचिरा' घ्या, तिच्यातली कृती शिका, तिच्या वाटी-चमच्याचा फायदा उठवा. त्याच्या शेजारी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ठेवा. एक पुस्तक कसे शिजवायचे ते सांगेल, दुसरे कुणी काय शिजवले आणि का ते सांगेल.

आणि तिसरे पुस्तक आपण लिहायचे आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, १४ एप्रिलला गावोगावी, ६ डिसेंबरला दादरला आपण पुस्तकांचे स्टॉल लावतो. आपला समाज पुस्तकांवर जीव टाकतो, याचा आम्हाला अभिमान आहे. त्या स्टॉलवर आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या स्वयंपाकाची वही क्वचितच दिसते. ज्यांनी कण्या-अंबाडीवर, माडग्यावर, आंबिलीवर एक पिढी शिकवून उभी केली, त्यांच्यापैकी अनेकजणी आज थकल्या आहेत. त्या गेल्या की त्यांचा अंदाजही जाईल. या सुट्टीत घरी जाल तेव्हा वही-पेन घेऊन चुलीजवळ बसा. वाटीने मोजा, चमच्याने मोजा, तारीख घाला, गावाचे नाव घाला, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने सर्वांत वर लिहा. मांसाचे असेल तर मांसाचे लिहा, पाल्याचे असेल तर पाल्याचे लिहा. लाज दोन्हींत नाही.

पुढच्या वेळी घरमालकाने "शाकाहारी ना?" असे विचारले, तर आपण काय खातो हे सांगायला आपण बांधील नाही. सांगायचेच असेल तर ताठ मानेने सांगू. आपल्या भाजीचाही इतिहास आपल्याकडे लिहिलेला असेल.

जय भीम!